कीटकनाशक-प्रतिरोध, रोगवाहक कीटकांतील
ज्या मात्रेने एखाद्या जातीच्या कीटकांपैकी बहुसंख्य कीटक पूर्वी मरत असत, ती मात्रा सहन करून जगण्याची आणि ही क्षमता पुढील पिढीस देण्याची शक्ती त्या जातीच्या एखाद्या समुदायात निर्माण होणे, यास कीटकनाशक-प्रतिरोध असे म्हणतात. एकट्या कीटकास त्याच्या आयुष्यात विषाची सवय होणे असा त्याचा अर्थ नाही. समुदायातील थोड्या कीटकांत मुळातच असलेले अनुकूल जनुक (आनुवंशिक लक्षणे एका पिढीतून दुसऱ्या पिढीत नेणारे एकक) विषाच्या सतत वापरामुळे निवडले जातात, संवेदनशील कीटक मरतात व वाचलेल्यांची संतती वाढत जाते. अशा रीतीने काही वर्षांतच समुदायाचे स्वरूप पालटते. नैसर्गिक निवडीचे हे मानवाच्या हातून आणि त्याच्या डोळ्यांदेखत घडलेले सर्वांत ठळक उदाहरण होय. पिकांवरील किडींतील प्रतिरोधामुळे प्रामुख्याने आर्थिक हानी होते. डास, माश्या, उवा, पिसवा, वाळूमाश्या, गोचिड्या इ. रोगवाहकांतील प्रतिरोधामुळे मात्र मनुष्यप्राण व पशुधन धोक्यात येतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासाला या घटनेने निर्णायक वळण दिले.

पूर्वेतिहास : प्रतिरोधाची पहिली शास्त्रीय नोंद रोगवाहकासंबंधी नसून फळबागेतील किडीसंबंधी आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील सफरचंदांच्या बागांत सॅन होजे खवले कीटकांवर चुना व गंधक यांचे मिश्रण फवारीत. काही बागांत ते निष्प्रभ ठरू लागल्याचे ए. एल. मेलँडर यांना दिसून आले व कीटक फवाऱ्यास प्रतिरोधक बनू शकतात काय, असा प्रश्न त्यांनी १९१४ मध्ये उपस्थित केला. १९३० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका येथे गुरांवरील गोचिड्या आर्सेनिकयुक्त द्रावणात जनावरे बुडवूनही जिवंत राहू लागल्या. तथापि दुसऱ्या महायुद्धापूर्वी अशी उदाहरणे मोजकीच होती. ही कीटकशास्त्रातील नवलाची बाब आहे, असेच तोपर्यंत समजले जाई.

डीडीटीचे युग : डीडीटी हे संयुग ओटमार त्सायडलर यांनी १८७४ मध्ये तयार केले होते, पण त्याचा कीटकनाशक गुण स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील गायगी कंपनीत काम करणारे पाउल हेरमान म्यूलर यांनी १९३९ मध्ये शोधून काढला. या शोधाबद्दल त्यांना १९४८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९४३-४४ च्या हिवाळ्यात इटलीतील नेपल्स शहरात उवांमार्फत पसरणाऱ्या प्रलापक सन्निपात ज्वराची साथ आली, तेव्हा दहा लाखांहून अधिक लोकांच्या अंगावर व कपड्यांत कीटकनाशक भुकटी मारण्यात आली. प्रारंभी अन्य भुकट्या व नंतर डीडीटी वापरून ही साथ भर हिवाळ्यात आटोक्यात आणली गेली. भिंतीवर एकदा फवारलेले डीडीटी कित्येक महिने प्रभावी राहते आणि रक्त शोषून भिंतीवर विसावणारा डास त्याच्या स्पर्शाने मरतो, हे लक्षात आल्यावर हिवतापाच्या नियंत्रणाची पद्धतच बदलली. डासांची पैदास होणारी डबकी व पाणथळी शोधत फिरण्याऐवजी घरोघरी फवारणी करणे सोपे व स्वस्त होते.

भारतात या पद्धतीचा ग्रामीण भागातील पहिला मोठा प्रयोग तत्कालीन मुंबई इलाख्याच्या कानडा व धारवाड या जिल्ह्यांत डी. के. विश्वनाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४६ च्या सुमारास केला. तो यशस्वी झाल्याने पुढील राष्ट्रीय कार्यक्रमास आधार मिळाला. फवारणीमुळे डासांबरोबर ढेकूण, माश्या व पिसवाही नाहीशा होत. त्यामुळे फवारणी पथकांचे खेड्यापाड्यांत स्वागत होत असे.

प्रतिरोधाचा उदय : यशाचा हा काळ अल्प ठरला. १९४६ मध्ये स्वीडनमध्ये व त्यानंतर वर्षभरात इटलीमध्ये घरमाश्या डीडीटीस दाद देईनाशा झाल्या. १९४७ मध्येच इटलीतील क्युलेक्स डास व अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याच्या किनाऱ्यावरील ईडिस डास यांत आणि हवाई बेटांतील ढेकणांत प्रतिरोध दिसून आला. कोरियातील युद्धाच्या काळात, १९५०-५१ च्या हिवाळ्यात, सैनिकांच्या अंगावरील उवा डीडीटीच्या भुकटीने मरत नाहीत असे आढळले. नेपल्सच्या साथीला तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. भारतात दिल्लीच्या परिसरातील क्युलेक्स डासांतील (हत्तीरोगाचे वाहक) प्रतिरोधाची नोंद १९५२ मध्ये झाली. पीतज्वर व डेंग्यू यांचा वाहक असलेल्या ईडिस ईजिप्ती डासात तो १९५५ मध्ये त्रिनिदाद बेटावर दिसला व अमेरिका खंडातून या डासाचे निर्मूलन करण्याच्या मोहिमेस त्याने धक्का दिला.

या सर्वांहून अधिक चिंताजनक घटना ग्रीसमध्ये घडली. तेथे १९४६ पासून देशव्यापी फवारणी सुरू होती. १९५१ मध्ये हिवतापाचा वाहक ॲनॉफेलीस सॅकारोव्ही हा डास फवारलेल्या खोल्यांतूनही निर्धास्तपणे वावरताना जी. लिव्हादास व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळला. हिवतापवाहक डासांतील प्रतिरोधाचे हे पहिले निश्चित उदाहरण होय. डीडीटीऐवजी वापरलेल्या डिल्ड्रिनचीही तीच गत झाली. उत्तर नायजेरियात त्याची फवारणी सुरू झाल्यावर वर्षभरातच, १९५५ मध्ये, ॲनॉफेलीस गँबी डासांत तीव्र प्रतिरोध दिसला. हा प्रतिरोध एकाच जनुकावर अवलंबून असल्याचे जी. डेव्हिडसन यांनी संकराच्या प्रयोगांनी दाखवून दिले.

निर्मूलनाची शर्यत : ग्रीसमधील अनुभवातून दोन परस्परविरोधी निष्कर्ष निघू शकत होते. एक म्हणजे कीटकनाशके जपून वापरावीत. दुसरा म्हणजे ती निकामी होण्यापूर्वीच त्यांच्या साहाय्याने हिवताप मुळापासून नष्ट करावा. ई. पँपाना, पॉल रसेल इ. तज्ञांनी दुसऱ्याचा पुरस्कार केला. प्रतिरोध उद्भवण्यास पाच-सहा वर्षे लागतात, तर तीन-चार वर्षे संपूर्ण फवारणी केल्यास रोगाचे संक्रमण खंडित होते. त्यानंतर डास उरले तरी त्यांना वाहून नेण्यास परजीवी उरणार नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९५५ मध्ये मेक्सिको सिटी येथे भरलेल्या आठव्या जागतिक आरोग्य सभेने हिवतापाच्या जागतिक निर्मूलनाचा ठराव संमत केला, त्यामागे ही भीतीच प्रामुख्याने होती. याचा अर्थ असा की, प्रतिरोध हे निर्मूलन मोहिमेच्या अपयशाचे एक कारण ठरले, त्याप्रमाणेच तिच्या जन्माचेही कारण होते.

हा युक्तिवाद तर्कदृष्ट्या सुसंगत होता. परंतु प्रत्येक देशात, प्रत्येक घरात, ठराविक वेळी फवारणी होईल हे त्यात गृहीत धरले होते. जेथे प्रशासन सक्षम व हिवतापाचा हंगाम अल्प होता त्या यूरोपीय देशांत तो खरा ठरला. इतरत्र फवारणी अपुरी झाली, लांबली व पुन्हापुन्हा करावी लागली. प्रतिरोधक डासांच्या निवडीस हीच परिस्थिती सर्वांत अनुकूल असते. १९६९ मध्ये बॉस्टन येथील बाविसाव्या जागतिक आरोग्य सभेने या धोरणाचा फेरविचार केला व जेथे निर्मूलन तूर्त शक्य नाही तेथे नियंत्रणाचे उद्दिष्ट मान्य केले.

भारतातील अनुभव : स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात दरवर्षी सु. ७.५ कोटी लोकांना हिवताप होत असे व त्यामुळे सु. ८ लाख लोक मृत्युमुखी पडत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. १९६५ पर्यंत वार्षिक रुग्णसंख्या सु. १ लाखापर्यंत खाली आली. जगाच्या आरोग्येतिहासात या यशास तोड क्वचितच सापडते. परंतु त्याच काळात प्रतिरोधही वाढत होता. शहरी हिवतापाचा वाहक ॲनॉफेलीस स्टीफेन्साय याच्या अळ्यांतील डीडीटी-प्रतिरोध तमिळनाडूतील एरोड येथे १९५५ च्या सुमारास दिसला. ग्रामीण हिवतापाचा प्रमुख वाहक ॲनॉफेलीस क्युलिसिफेसीस याच्यातील डीडीटी-प्रतिरोधाची पहिली नोंद १९५९ मध्ये तत्कालीन द्वैभाषिक मुंबई राज्यातील (आता गुजरातमधील) पंचमहाल जिल्ह्यातून झाली. उंदरांवरील पिसवा या प्लेगच्या वाहक असल्याने भारतातील पिसवांत सिद्ध झालेला डीडीटी-प्रतिरोधही (१९६०) तितकाच लक्षणीय मानला गेला.

डीडीटी निष्प्रभ ठरल्यावर बीएचसीचा व १९६९ पासून महाराष्ट्र व गुजरात येथील काही भागांत मॅलॅथिऑन या कार्बनी फॉस्फरस संयुगाचा वापर सुरू झाला. गुजरातमध्ये १९७३ मध्येच मॅलॅथिऑनलाही प्रतिरोध आढळला व त्यानंतर तो महाराष्ट्रातही दिसून आला. क्युलिसिफेसीसचे डीडीटी, बीएचसी व मॅलॅथिऑन या तिन्हींना न जुमानणारे समुदाय अशा रीतीने पश्चिम भारतात प्रथम तयार झाले. १९७६ मध्ये देशातील नोंदलेली रुग्णसंख्या सु. ६४.७ लाखांवर गेली आणि १९७७ पासून सुधारित कार्ययोजना अंमलात आली.

हिवतापाच्या या पुनरागमनाचा संपूर्ण दोष प्रतिरोधाकडे देणे मात्र योग्य होणार नाही. कीटकनाशकांचा अपुरा व अवेळी पुरवठा, १९७३ नंतर खनिज तेलाबरोबर वाढलेल्या किंमती, शहरांतील डासांकडे झालेले दुर्लक्ष, परजीवींमध्ये निर्माण झालेला क्लोरोक्वीन-प्रतिरोध आणि यशानंतर आलेले शैथिल्य ही कारणेही तितकीच महत्त्वाची होती. लोकांच्या सहकार्याचा प्रश्नही प्रतिरोधाशी निगडित होता. डासांच्या संख्येतील घट लोकांना सहज जाणवत नसे. ढेकूण मरतात हे मात्र दिसत असे. ढेकूण प्रतिरोधक बनल्यावर फवारणीचा उपयोग नाही अशी समजूत पसरली व अनेक घरांतून पथकांना नकार मिळू लागला. फवारलेल्या भिंती सणासुदीला शेणामातीने सारवल्या जात, त्यामुळेही कीटकनाशक झाकले जाई.

पर्यायी कीटकनाशके महाग होती व काही अधिक धोकादायकही ठरली. पाकिस्तानात १९७६ मध्ये अशुद्ध मॅलॅथिऑनच्या हाताळणीमुळे फवारणी करणाऱ्या सु. २,८०० कामगारांना विषबाधा झाल्याचा अंदाज असून त्यांपैकी पाच जण दगावले. प्रतिरोधाची किंमत कोणास द्यावी लागते, याचे हे बोलके उदाहरण होय.

बिहारमधील काळा आजाराचा इतिहासही असाच आहे. हिवतापासाठी केलेल्या फवारणीने या रोगाची वाहक फ्लेबोटोमस अर्जेंटिपीस ही वाळूमाशी आपोआप नियंत्रणात आली व रोग जवळजवळ नाहीसा झाला. फवारणी थांबल्यावर १९७० नंतरच्या दशकात तो पुन्हा उसळला. त्यानंतरच्या फवारणीत वाळूमाशीतही डीडीटी-प्रतिरोध निर्माण झाला व अखेर २०१५ पासून डीडीटीच्या जागी संश्लेषित पायरेथ्रॉइडे वापरण्यात येऊ लागली.

श्रीलंका : या देशात १९६३ मध्ये हिवतापाचे केवळ १७ रुग्ण आढळले. त्यानंतर फवारणी थांबविण्यात आली आणि १९६८-६९ मध्ये पाच लाखांहून अधिक लोकांना हिवताप झाला. डीडीटीवरील बंदीमुळे ही साथ आली असे अनेकदा सांगितले जाते. ते वस्तुस्थितीस धरून नाही. रोग संपला या समजुतीने फवारणी थांबली होती आणि ती पुन्हा सुरू केल्यावर डास प्रतिरोधक बनल्याने डीडीटीचा प्रभाव ओसरत गेला. म्हणून १९७० नंतरच्या दशकात मॅलॅथिऑनकडे वळावे लागले. पुढे विविध उपायांच्या चिकाटीने केलेल्या वापरामुळे २०१६ मध्ये श्रीलंका हिवतापमुक्त घोषित झाला.

शेतीचा वाटा : घरातील फवारणीपेक्षा शेतातील फवारणीत कितीतरी अधिक कीटकनाशक वापरले जाते व ते डासांच्या अळ्या वाढतात त्या पाण्यात उतरते. मध्य अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील कापसाच्या प्रदेशात ॲनॉफेलीस अल्बिमॅनस डासातील प्रतिरोध कापसावरील फवारणीच्या हंगामात वाढतो, असे जॉर्ज जॉर्ज्यू यांच्या अभ्यासात आढळले. आरोग्य खात्याने कधीही न वापरलेल्या कीटकनाशकांनाही तेथील डास प्रतिरोधक होते. हाच प्रश्न भारतातील अधिक उत्पादन देणाऱ्या पिकांच्या प्रदेशांसंबंधीही उपस्थित केला गेला. भारतात डीडीटीच्या शेतीतील वापरावर १९८९ मध्ये बंदी घालण्यात आली. रेचेल कार्सन यांच्या १९६२ च्या सायलेंट स्प्रिंग  या ग्रंथात पर्यावरणाच्या हानीबरोबर कीटकांतील प्रतिरोधाचीही विस्तृत चर्चा आहे. परंतु त्या भागाकडे तुलनेने कमी लक्ष गेले.

प्रतिरोधाची यंत्रणा : कीटक विषापासून मुख्यतः चार प्रकारे बचावतात. (१) विषाचे विघटन : डीडीटीतील हायड्रोक्लोरिक अम्ल काढून टाकून त्याचे निरुपद्रवी संयुगात रूपांतर करणारे एंझाइम (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारे प्रथिन) घरमाशीत १९५४ मध्ये ओळखण्यात आले. मॅलॅथिऑन व पायरेथ्रॉइडे यांचे विघटन करणारी इतर एंझाइमेही पुढे ज्ञात झाली. (२) लक्ष्यस्थानातील बदल : डीडीटी व पायरेथ्रॉइडे तंत्रिका कोशिकेच्या (मज्जापेशीच्या) पटलातील सोडियम मार्गावर परिणाम करतात. या मार्गाच्या प्रथिनातील एका ॲमिनो अम्लात बदल झाला, तरी दोन्ही प्रकारची विषे एकाच वेळी निष्प्रभ होतात. डीडीटीस प्रतिरोधक घरमाश्या पायरेथ्रमलाही काही अंशी प्रतिरोधक असतात, हे जे. आर. बझ्व्हाइन यांनी १९५१ मध्येच दाखविले होते. त्यास कारणीभूत असलेले उत्परिवर्तन (जनुकातील आकस्मिक बदल) आफ्रिकेतील ॲनॉफेलीस गँबी डासांत १९९८ मध्ये निश्चित झाले. (३) उपत्वचेची (बाह्य आवरणाची) जाडी वाढून विषाचा शरीरात प्रवेश मंदावणे. (४) वर्तनातील बदल : काही डास फवारलेल्या भिंतीवर न विसावता घराबाहेर विसावतात.

प्रतिरोधक जनुक वाहनांमार्फत दूरवर पसरतात. क्युलेक्स डासांत कार्बनी फॉस्फरस संयुगांचे विघटन करणाऱ्या एस्टरेज या एंझाइमाच्या जनुकाच्या अनेक प्रती तयार झालेल्या आढळतात. अशा एका जनुकसमूहाची रचना आफ्रिका, आशिया व उत्तर अमेरिका येथे एकसारखीच असल्याचे १९९१ मध्ये दाखविण्यात आले. तो एकदाच उद्भवून जगभर पसरला, असा याचा अर्थ होतो.

प्रतिरोधाचे मापन करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित कसोटी प्रचारात आणली. ठराविक प्रमाणात कीटकनाशक शोषविलेल्या कागदाच्या संपर्कात डास एक तास ठेवून चोवीस तासांनंतर मृतांचे प्रमाण मोजतात. ते ९८ टक्के वा अधिक असल्यास समुदाय संवेदनशील व ९० टक्क्यांहून कमी असल्यास प्रतिरोधक समजला जातो. या कसोटीमुळे निरनिराळ्या देशांतील निरीक्षणांची तुलना शक्य झाली.

पायरेथ्रॉइडे व मच्छरदाण्या : मायकेल एलियट व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील रॉथम्स्टेड येथे १९७३ मध्ये पर्मेथ्रिन हे प्रकाशात टिकणारे पायरेथ्रॉइड तयार केले. सस्तन प्राण्यांना ही संयुगे तुलनेने कमी अपायकारक असल्याने मच्छरदाण्यांना लावण्यास ती योग्य ठरली. आफ्रिकेत २००० ते २०१५ या काळात टळलेल्या हिवतापाच्या रुग्णांपैकी सु. ६८ टक्के अशा मच्छरदाण्यांमुळे टळले, असा अंदाज आहे. मात्र दीर्घकाळ एकाच गटातील कीटकनाशकांवर सारी भिस्त ठेवली गेल्याने जुनाच धडा पुन्हा गिरवावा लागला. दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताळ प्रांतात १९९६ मध्ये डीडीटीऐवजी पायरेथ्रॉइडांची फवारणी सुरू होताच, अनेक वर्षे न दिसलेला ॲनॉफेलीस फ्यूनेस्टस हा पायरेथ्रॉइड-प्रतिरोधक डास परतला व हिवतापाची मोठी साथ आली. २००० मध्ये डीडीटीचा वापर पुन्हा सुरू केल्यावर व नवी औषधे उपलब्ध झाल्यावर ती ओसरली. स्टॉकहोम करारात (२००१) डीडीटीच्या वापरावर निर्बंध घालताना रोगवाहकांच्या नियंत्रणासाठी अपवाद ठेवण्यात आला आहे.

प्रतिरोधाचे व्यवस्थापन : प्रतिरोधावर मात करण्याचे सर्वांत यशस्वी उदाहरण पश्चिम आफ्रिकेतील आहे. नदी-अंधत्व या रोगाची वाहक सिम्युलियम ही काळी माशी वाहत्या पाण्यात वाढते. तिच्या अळ्यांविरुद्ध १९७४ पासून नद्यांत टेमेफॉस सोडले जात असे. १९८० मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये प्रतिरोध आढळताच कार्यक्रमाचे धोरण बदलण्यात आले. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या सूक्ष्मजंतूपासून मिळणारे जैव कीटकनाशक व विविध रासायनिक गटांतील कीटकनाशके नदीचा प्रवाह व ऋतू पाहून आळीपाळीने वापरली गेली. प्रतिरोधाचे नियमित मापन हा या योजनेचा कणा होता. त्यामुळे २००२ मध्ये कार्यक्रम संपेपर्यंत माशीवर नियंत्रण राहिले.

कीटकनाशकांची आळीपाळी, भिन्न गटांतील संयुगांचा एकत्र वापर, अळ्या खाणारे मासे, पाण्याचा निचरा व परिसराची स्वच्छता यांवर भर देणारी जागतिक योजना जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये जाहीर केली. विघटक एंझाइमांना रोखणारे पायपेरोनिल ब्यूटॉक्साइड मिसळलेल्या मच्छरदाण्या २०१७ मध्ये व क्लोरफेनॅपिर हे वेगळ्या प्रकारे कार्य करणारे संयुग मिसळलेल्या मच्छरदाण्या २०२३ मध्ये तिने शिफारशीत समाविष्ट केल्या. दुसरीकडे, भारतीय शहरांतील टाक्यांत व हौदांत वाढणारा ॲनॉफेलीस स्टीफेन्साय हा डास २०१२ मध्ये जिबूती येथे व पुढे इथिओपियात आढळला असून अनेक कीटकनाशकांना तो तेथे प्रतिरोधक आहे. आफ्रिकेतील वाढत्या शहरांना त्यापासून गंभीर धोका संभवतो.

प्रतिरोधाच्या इतिहासातून असे दिसून येते की, कोणत्याही एका कीटकनाशकाची संवेदनशील समुदायावर चालणारी शक्ती हा मर्यादित साठा असून त्याचा उपयोग शेती व आरोग्य या दोहोंसाठी समाईकपणे होत असतो. तो बेसुमार वापरल्यास संपतो व बहुधा सहज भरून येत नाही. नवीन संयुग शोधून बाजारात आणण्यास अनेक वर्षे लागतात. डासाची पिढी मात्र काही आठवड्यांत पूर्ण होते. म्हणून नव्या विषाच्या शोधाइतकेच, हाती असलेल्या विषाची परिणामकारकता दीर्घकाळ टिकविणे हेही रोगवाहक नियंत्रणाचे प्रमुख उद्दिष्ट मानले जाते.